शिक्षकांचे प्रश्न : मुलांचे मन आणि आपले प्रशिक्षण

जूनमध्ये शाळा उघडल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय पुन्हापुन्हा येत आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षकांना जे प्रशिक्षण मिळते ते वर्गात उपयोगी का पडत नाही, आणि उपयोगी पडावे असे वाटत असेल तर नेमके काय शिकावे, असे वाचक विचारतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे मुद्दाम वगळली आहेत, कारण लहान गावात शिक्षक कोण हे कळले की विद्यार्थी कोण हे ओळखायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत नववीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी आमचे एक दिवसाचे मानसिक आरोग्य प्रशिक्षण झाले. नैराश्य, चिंता आणि इतर बऱ्याच विकारांची लक्षणे पडद्यावर दाखवली गेली. परत आल्यावर मला अर्धा वर्ग आजारी वाटू लागला. पण एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटी बसू लागली, तेव्हा तिच्याशी काय बोलावे हे मात्र मला सुचले नाही. माझे काय चुकले? (शिक्षिका, रावेर तालुका)

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही, ताई. आपल्या हाती डॉक्टरांची यादी देण्यात आली आणि शिक्षकाचे काम शिकवायचे राहून गेले. विकाराचे निदान करण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षे शिकतात. ते एका दिवसात कोणालाही येणार नाही आणि शिक्षकाला ते यावे अशी अपेक्षाही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला होता, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुले असा ढोबळ अंदाज धरता येतो. बाकीच्या मुलांनाही भीती, राग, परीक्षेची धास्ती, घरातल्या भांडणांचे दुःख हे सगळे असतेच, पण त्या प्रत्येकाला आजाराचे नाव देऊ लागलो तर ज्यांना खरोखर डॉक्टरांची गरज आहे ती चार मुले गर्दीत हरवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराविषयी २०११ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात तीनच कामे सांगितली आहेत : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. ही तिन्ही कामे शिक्षकाला जमण्यासारखी आहेत. त्यांतले सर्वांत अवघड काम ऐकण्याचे, कारण आपला व्यवसायच सांगण्याचा आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भुसावळला एका कार्यशाळेत कूलरच्या घरघरीमुळे माझे बोलणे मागच्या रांगेपर्यंत पोहोचेना, म्हणून मी व्याख्यान सोडून दिले आणि शिक्षकांच्या जोड्या केल्या. एकाने विद्यार्थी होऊन चार मिनिटे आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने सल्ला न देता, मध्ये न बोलता ऐकायचे, एवढाच सराव होता, आणि मी मनगटावरचे घड्याळ हातात घेऊन जोड्यांमधून फिरत होते. अर्धे मिनिट व्हायच्या आत पहिला सल्ला कानावर आला : ‘अगं, त्यात काय एवढं, तू अभ्यासाकडे लक्ष दे.’ दुसऱ्या फेरीतही फार फरक पडला नाही. तिसऱ्या फेरीत मात्र गणिताचे एक ज्येष्ठ गुरुजी पूर्ण चार मिनिटे शांत बसले, आणि समोर विद्यार्थिनीची भूमिका करणाऱ्या बाई भूमिका विसरून स्वतःच्या आईच्या दुखण्याविषयी बोलू लागल्या. त्या दिवसापासून मी व्याख्यान अर्ध्या तासावर आणले आणि उरलेला सगळा वेळ या सरावाला देऊ लागले. आपल्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, प्रशिक्षण ठरेल तेव्हा ते देणाऱ्या साधनव्यक्तींना हाच आग्रह धरा : आम्हांला लक्षणांची यादी नंतर द्या, आधी बोलण्या-ऐकण्याचा सराव द्या.

आता पाहण्याविषयी. मुलाची तुलना यादीशी किंवा इतर मुलांशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी. जी मुलगी मुळातच अबोल आहे ती अबोल राहिली तर त्यात काळजीचे कारण असेलच असे नाही. जी बडबडी होती ती दोन आठवडे गप्प असेल तर मात्र विचारपूस करायला हवी. आपल्या भागाची घडीही लक्षात घ्यावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, ती बहुतेक वेळा मजुरीमुळे असते. पण वेचणी आटोपल्यावर शाळेत येऊनही मुलगा मागच्या बाकावर डोके टेकून पडून राहत असेल, तर ती गैरहजेरी वेगळी. यासाठी एक साधी वही ठेवावी आणि तीत निष्कर्ष न लिहिता जे डोळ्यांनी दिसले तेवढेच तारखेसह लिहावे. ‘मुलगी हल्ली आळशी झाली आहे’ हा निष्कर्ष झाला आणि तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. ‘सोमवार ते गुरुवार चारही दिवस डबा न उघडता परत नेला, बुधवारी प्रार्थनेला आली नाही, पाण्याच्या टाकीमागे उभी होती’ ही नोंद झाली, आणि पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तीच नोंद त्यांच्या कामी येते. वही कपाटात कुलपात राहावी; शिक्षकखोलीतल्या टेबलावर तिची जागा नाही.

त्या मुलीशी बोलताना सुरुवात या नोंदीवरूनच करा. ‘तू तीन-चार दिवस डबा खात नाहीस, हे मला दिसलं. काही त्रास होतोय का? आत्ता सांगावंसं नाही वाटलं तरी चालेल, मी उद्या पुन्हा विचारीन.’ एवढे पुरे आहे, आणि उद्या खरोखर विचारायचे आहे. जागा अशी निवडा की आपण दोघी इतरांना दिसू, पण ऐकू येणार नाही. व्हरांड्याचे टोक त्यासाठी चांगले. ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणतेही मूल म्हणत नाही. पोट दुखतं, डोकं जड झालं, झोप येत नाही, ‘माले करमत नही’ अशा शब्दांत ते येते. आपल्या केंद्रातील शिक्षकांनी एक दुपार एकत्र बसून मुले मनाच्या त्रासासाठी अहिराणीत, लेवा बोलीत, घरच्या भाषेत कोणते शब्द वापरतात ते लिहून काढावेत. बाहेरून आलेला कोणताही प्रशिक्षक ते काम आपल्यासाठी करून देऊ शकणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत सुमारे साडेतीनशे विद्यार्थी आहेत आणि समुपदेशक नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांचे असे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे असे ऐकले. आम्हांला नेमके काय करावे लागेल, आणि निधी नसताना काय करता येईल? (मुख्याध्यापक, चाळीसगाव तालुका)

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरातील शाळा, महाविद्यालये, शिकवणी केंद्रे आणि वसतिगृहे यांच्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. त्यांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था करावी. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोन वेळा मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा, स्वतःला इजा करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला कसा प्रतिसाद द्यावा आणि पुढे कोठे पाठवावे, याचे प्रशिक्षण तज्ज्ञांकडून मिळावे. आपली शाळा शंभराच्या वरची आहे, तेव्हा समुपदेशकाची मागणी संस्थेकडे आणि शिक्षण विभागाकडे लेखी नोंदवा व तिची पोच घेऊन ठेवा.

‘न शिकवणाऱ्या’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. कोणता मुलगा शाळा सुटल्यावरही घरी जायला निघत नाही हे शिपाईमामांना आपल्याआधी माहीत असते. कोणाचे ताट भरलेलेच परत येते हे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना दिसते, आणि कोणती मुलगी रोज पुढच्या जागेसाठी भांडायची ती आता शेवटी चढून मागे गप्प बसते हे रिक्षावाल्या काकांना ठाऊक असते. त्यांना प्रशिक्षणाला बसवायचे, आणि मागे उभे न करता खुर्चीवर बसवायचे.

निधीविना जे होते ते पुष्कळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. त्यांतले सहा तास एका दिवसात उरकण्यापेक्षा केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दर वेळी एक तास या विषयाला द्यावा, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. कारण कौशल्य हे एकदा ऐकून येत नाही, महिनाभर वापरून, चुकून, पुन्हा येऊन बोलल्यावर येते. पहिले दोन महिने केवळ ऐकण्याचा सराव आणि वहीतल्या नोंदी घ्या. पुढे बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यातील (पॉक्सो) आपली जबाबदारी समजून घ्या. दिवाळीनंतरचा एक तास परीक्षेच्या ताणासाठी राखा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले होते. आणि निकालाच्या दिवशी कोणत्या मुलाला कोणी फोन करायचा हे निकालाच्या आधीच्या आठवड्यात ठरवा. तज्ज्ञ म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अधिव्याख्यात्यांना आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूला पत्र द्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्याकडेही विनंती करता येते. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे असतात आणि त्यांच्या अकरा विषयांत भावनिक स्वास्थ्य हाही एक विषय आहे. आपल्या शाळेतले ते दोघे कोण आहेत हे आधी फाइलमधून शोधून काढा.

शिक्षकखोलीच्या भिंतीवर एक कागद लावा : तातडीच्या वेळी पालकांना फोन कोण करणार, मुलाजवळ कोण थांबणार, गाडी कोणाची, जायचे कोणत्या रुग्णालयात. त्याखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि अडचणीतल्या बालकांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक लिहा. टेली-मानस ही केंद्र शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. कागद लावण्याआधी सर्व शिक्षकांसमोर तो क्रमांक एकदा स्वतः फिरवा, कोणती कळ दाबावी लागते आणि पलीकडून काय विचारतात ते सर्वांनी ऐकू द्या. ज्या क्रमांकावर आपण कधी बोललो नाही, तो घाबरलेल्या मुलाच्या हातात देताना आपलाच हात अडखळतो.

आणखी एक गोष्ट, जिला एक रुपयाही लागत नाही. गुणवत्तेनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे शक्यतो टाळावे, असेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात सांगितले आहे, आणि आठवीपर्यंतच्या मुलांचा मानसिक छळ करण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासूनच मनाई आहे. मी पहिली नोकरी केली त्या शाळेत सहामाहीचे गुण वर्गात उतरत्या क्रमाने मोठ्याने वाचण्याची पद्धत होती, आणि पाच वर्षे मीही ते वाचले. यादीत नेहमी शेवटी येणारा एक मुलगा गुण वाचण्याच्या दिवसानंतर आठ दिवस येत नसे. तो आजारी पडतो असे आम्ही हजेरीत धरून चाललो होतो. त्या दोन गोष्टींचा संबंध आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही. तो मुलगा दहावीपर्यंत पोहोचला नाही. पहिल्या शिक्षण परिषदेत आपल्या शाळेतल्या अशा रीती शोधून त्या बंद करण्याचा ठराव झाला, तर प्रशिक्षण सुरू झाले असे मी समजेन.

प्रश्न : मी आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीहून परत आल्यावर लहान मुली रात्री रडतात, काही अंथरूण ओले करतात, काही आठवडाभर बोलतच नाहीत. आम्हांला मिळालेले प्रशिक्षण शहरातल्या शाळेसाठी होते असे वाटते. (अधीक्षिका, धडगाव तालुका)

उत्तर : आपले वाटणे खरे आहे. बहुतेक प्रशिक्षण हे शाळा पाच वाजता सुटते असे गृहीत धरून तयार होते, आणि आश्रमशाळेत तर मुलांचे मन रात्री आठनंतर उघडे पडते. म्हणून पहिली मागणी ही करा की प्रशिक्षण शिक्षकांपुरते न ठेवता रात्री मुलांजवळ असणाऱ्या सर्वांना मिळावे : अधीक्षक, अधीक्षिका, कामाठी, स्वयंपाकी, चौकीदार.

दुसरी गोष्ट भाषेची. सहा-सात वर्षांची जी मुलगी घरी पावरी किंवा भिली बोलते, तिचे दुःख मराठीत येणार नाही, आणि ती आठवडाभर गप्प राहते यात बराच वाटा या अडचणीचा असतो. ‘भूक लागली का’, ‘कुठे दुखतं’, ‘आईची आठवण येते का’, ‘मी इथेच झोपले आहे’ अशी वीसेक वाक्ये मोठ्या मुलींकडून शिकून घ्या. अधीक्षिका आपल्याकडून शिकते आहे याचा मोठ्या मुलींना अभिमान वाटतो, आणि लहानग्यांसाठी त्या आपोआप आपल्या मदतनीस होतात.

दिवाळीनंतर या भागातली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात. मुलगी शाळेत परत येते तेव्हा तिच्यामागे घराला कुलूप लागलेले असते, आणि आईबाप कोठे आहेत हे तिला माहीत नसते. हे न कळणे विरहापेक्षा जास्त छळते, असे मला अशा मुलांबरोबर काम करताना दिसले. मुलीला पोहोचवायला पालक येतील तेव्हाच ते कोठे जाणार आहेत ते लिहून घ्या, मुकादमाचा फोन क्रमांक घ्या, भिंतीवर नकाशा लावून सातपुड्यातले आपले गाव आणि बारडोली किंवा सुरत यांवर मुलीलाच बोट ठेवू द्या, आणि फोनचा वार ठरवून तो चुकू देऊ नका. फोन लागला नाही तर ‘आज लागला नाही, उद्या सकाळी पुन्हा लावू’ असे स्पष्ट सांगा. टाळाटाळ मुलांना लगेच कळते.

अंथरूण ओले होण्याचे म्हणाल, तर वेगळी चादर जवळ ठेवणे, झोपण्याआधी आणि रात्री एकदा उठवणे, आणि सकाळी कोणाच्या नजरेस न पडता ते बदलणे एवढे पाळा. महिनाभर थांबले नाही, किंवा लघवीला जळजळ आणि ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. ओली चादर सर्वांसमोर वाळत घालायला लावणे ही शिक्षा अजून काही ठिकाणी दिली जाते, ती ताबडतोब थांबली पाहिजे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची विस्कटलेली अंथरुणे आणि कपडे काही न बोलता आवरून ठेवत, असे सांगतात. खानदेशात वसतिगृह सांभाळणाऱ्याला यापेक्षा जवळचा धडा दुसरा कोणता देणार? घरचे लोक मुलीला भगताकडे नेऊ म्हणाले तर त्यांचा अपमान करू नका. तिकडे जाऊन या, आणि दवाखान्यातही जाऊ या, असे म्हटले की दवाखान्याचा रस्ता उघडा राहतो.

प्रश्न : दहावीतला एक मुलगा मला म्हणाला, ‘सर, मला जगावंसं वाटत नाही, पण हे कुणाला सांगू नका.’ मी शब्द दिला. दोन दिवस मला झोप लागली नाही, मग मी त्याच्या वडिलांना सांगितले. मुलावर आता धुळ्याला उपचार चालू आहेत, पण तो माझ्याशी बोलत नाही. मी विश्वासघात केला का? (विज्ञान शिक्षक, शिंदखेडा तालुका)

उत्तर : नाही, सर. आपण सांगितले म्हणून तो आज उपचार घेतो आहे. चूक झाली असेल तर ती शब्द देण्याची, आणि तसा शब्द देऊ नये हे आपल्याला कोणी शिकवलेच नव्हते. प्रत्येक प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाकडून मोठ्याने म्हणून घ्यावे असे एक वाक्य आहे : ‘तू सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुला इजा करतंय असं वाटलं, तर जो मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’ हे वाक्य मूल बोलायला लागण्याआधी सांगायचे असते. ते ऐकूनही मुले बोलतात, कारण त्यांना बहुधा मदतच हवी असते.

अशा वेळी घाबरून विषय बदलू नये. ‘जीव द्यावा असा विचार मनात येतो का?’ हे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्यामुळे तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो हा गैरसमज असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केले आहे. उलट, विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालकांना बोलावून घ्यावे, घरात जीवाला धोकादायक ठरेल अशी शेतीची औषधे वगैरे कुलपात ठेवायला सांगावे, आणि मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचेपर्यंत १४४१६ वर बोलून मार्गदर्शन घ्यावे. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे त्यांना समजावून सांगावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. मुलाला त्रास घरातूनच होत असेल तर वडिलांना सांगणे हा मार्ग नाही. तेव्हा १०९८ किंवा पोलीस. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तसा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून थांबायला सांगणाऱ्याचे ऐकू नये.

आता त्या मुलाविषयी. त्याच्याकडे आपणच जा. ‘मी तुला शब्द दिला आणि तो मोडला. तसा शब्द मी द्यायलाच नको होता, ती माझी चूक. वडिलांना सांगितलं याचं मला वाईट वाटत नाही, कारण तू मला हवा आहेस.’ एवढे बोलून उत्तराची वाट न पाहता निघून या. तो कधी बोलायचे ते त्याला ठरवू द्या. तो शाळेत येऊ लागला की त्याच्या गैरहजेरीबद्दल वर्गात काय सांगायचे हे त्यालाच विचारून ठरवा, आणि बुडलेले प्रयोग लिहून घ्यायला त्याला एक सोबती द्या.

प्रश्न : मी बी.एड. करते आहे. समुपदेशन शिकायचे असेल तर कोणता अभ्यासक्रम निवडावा? शनिवार-रविवारचे काही वर्ग प्रमाणपत्र देतात. (विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : दोन दिवसांच्या वर्गात ऐकण्याचा सराव होत असेल तर तो जरूर करावा, पण त्यावरून कोणी स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ नये. शिक्षकांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो एक वर्षाचा असून त्यात काही भाग दूरस्थ, काही प्रत्यक्ष आणि काही कार्यानुभवाचा असतो. महाराष्ट्र ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे येतो ती भोपाळला आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर मार्ग वेगळा आणि लांबचा आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तोपर्यंत ‘दीक्षा’ या शासनाच्या ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठावरील ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे घटक विनामूल्य पाहता येतील.

प्रश्न : मुलांचे ऐका असे सगळे सांगतात. माझ्याकडे दोन वर्ग आहेत, मतदार यादीचे काम आहे, रोज माहिती ऑनलाइन भरायची असते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मुलगी रडत जवळ आली की मला आधी थकवा येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. (शिक्षिका, जामनेर तालुका)

उत्तर : ताई, लाज वाटण्यासारखे यात काही नाही. दीर्घ श्वास घ्या असे सांगून आपल्या कामाचे तास कमी होणार नाहीत, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांच्या कामाचा भार हा विषय टाळला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे सांगते. मतदार यादीचे काम त्या अपवादात येते. पण बाकीच्या कामांची यादी करून शिक्षक संघटनेमार्फत ती मांडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

शाळेपुरत्या दोन गोष्टी मुख्याध्यापकांशी बोलून आजच ठरवता येतील. ज्या शिक्षिकेने मुलाचे जड बोलणे ऐकले तिचा पुढचा तास दुसऱ्याने घ्यावा. आणि एकट्या आपल्याकडेच सगळ्या मुली येत असतील तर त्या दोघी शिक्षिकांनी वाटून घ्याव्यात. मुलगी आलीच आणि आपल्यात त्राण नसेल, तर तिला तसे सांगायला हरकत नाही : ‘आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही, पण तुझं बोलणं मला नीट ऐकायचंय, पाचव्या तासानंतर ये.’ अर्धवट ऐकलेल्यापेक्षा मुलांना हे चालते. फक्त ती फार घाबरलेली असेल, किंवा जिवाचे काही बोलत असेल, तर मात्र लगेच कोणाला तरी हाक मारा.

१४४१६ हा क्रमांक आपल्यासाठीही आहे. झोप येत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले असेल तर डॉक्टरांना जरूर भेटा. दरम्यान, केंद्रातली जिच्यावर आपला विश्वास आहे अशी एक मैत्रीण निवडा. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर घरी जाण्याआधी वीस मिनिटे दोघींनी बसावे, दहा मिनिटे आपण बोलावे, दहा मिनिटे त्यांनी, आणि एकमेकींना सल्ला देऊ नये. सासूबाईंजवळ तेवढा वेळ कोण बसेल, हे उद्या सकाळी घरात सर्वांसमोर विचारा.